टीडी-०३९ : पाठ चालकाची, भांडण संघांचं

१६ जून २०२२ चा गुरुवार. कॅनडा ग्रां प्रीसाठी सगळे संघ मॉन्ट्रियलमध्ये दाखल होत होते. त्याच दिवशी एफआयएने, म्हणजे मोटार शर्यतींचे नियम करणाऱ्या जागतिक संस्थेने, फॉर्म्युला वनच्या दहाही संघांना एक तांत्रिक निर्देश (टेक्निकल डिरेक्टिव्ह, टीडी) धाडला, क्रमांक ०३९. आशय साधा होता. सरळ रस्त्यावर गाड्या ज्या प्रकारे उसळतात त्याने चालकांना वेदना होतात. ताशी ३०० किलोमीटरला वेदनेमुळे लक्ष ढळलं तर परिणाम गंभीर होतील. म्हणून डॉक्टरांशी सल्लामसलत करून यापुढे ही उसळी मोजली जाईल आणि तिला मर्यादा घातली जाईल.

मणक्याची काळजी घेणाऱ्या कागदाला विरोध कशाला होईल, असं वाटावं. पण शनिवारी संघप्रमुखांच्या बैठकीत आवाज चढले, आणि मामला मिटायला ऑगस्टचा मध्य उजाडला. एका कागदाने आठ आठवडे खाल्ले.

मोटार शर्यतीत सुरक्षेचे मोठे नियम बहुधा कुणाच्या तरी मृत्यूनंतर येतात. इथे कुणी मेलं नव्हतं, कुणाचं हाडही मोडलं नव्हतं. पुढे काहीतरी होईल या अंदाजावर चालू हंगामात नियमाला हात घातला गेला, आणि त्यामुळेच प्रत्येकाला विचारायला वाव मिळाला: धोका नेमका कुणाला आहे, आणि तो टाळायचा खर्च मी का सोसायचा?

तळाखालची हवा

२०२२ साठी फॉर्म्युला वनची गाडी जवळजवळ नव्याने आखली गेली होती. पुढच्या गाडीने ढवळलेल्या हवेत मागच्या गाडीची पकड सुटते आणि ओलांडणं जमत नाही, ही जुनी तक्रार. उपाय म्हणून पंखांवरचं ओझं कमी करून पकडीचं बरंचसं काम गाडीच्या पोटाकडे दिलं. तळाच्या दोन्ही बाजूंना बोगदे आले. बोगदा अरुंद होतो तिथे हवा वेग घेते, दाब पडतो आणि गाडी रस्त्याकडे ओढली जाते. गाडी जितकी खाली, तितकी ओढ जास्त. पण एका मर्यादेनंतर फट इतकी चिंचोळी होते की प्रवाह तुटतो, ओढ एकदम सुटते आणि गाडी वर येते. वर आली की प्रवाह पुन्हा जुळतो, पुन्हा ओढ. हे सेकंदाला पाच-सहा वेळा.

चालक यात जवळजवळ आडवा बसलेला असतो, पाय पुढे ताणलेले, पाठीशी त्याच्या अंगाच्या मापाने घडवलेली कडक बैठक. गादी म्हणावी असं काही नाही. त्यात त्याच वर्षी १३ इंचांऐवजी १८ इंची रिम आली. टायरची भिंत आखूड झाली, म्हणजे धक्का खाऊन टाकणारं रबरही कमी झालं. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून खड्ड्यांतून गेलेल्या माणसाला साधारण कल्पना येईल, फक्त इथे खड्डे हवेत होते आणि गाडीच्या वेगाबरोबर वाढत होते.

फेब्रुवारीत बार्सिलोनाच्या सरावात गाड्या पहिल्यांदा पूर्ण वेगाने पळाल्या आणि जवळपास सगळेच चकित झाले. तसं व्हायला कारण होतं. पवनबोगद्यात नियमानुसार जास्तीत जास्त ६० टक्के आकाराचं मॉडेल आणि सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटरचा वारा. उसळी सुरू होते ती त्याच्या बऱ्याच पुढे. बरं, ही गोष्ट खेळाला अगदीच नवी होती असंही नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कॉलिन चॅपमनच्या लोटसने तळाखालच्या हवेचा खेळ सुरू केला, मारिओ आंद्रेत्ती त्याच जोरावर १९७८ चा विजेता झाला, आणि पुढच्या वर्षीच्या लोटस ८० ला याच उसळीने ग्रासलं. १९८३ पासून सपाट तळ सक्तीचा झाला आणि ते ज्ञान निवृत्त अभियंत्यांबरोबर घरी गेलं.

घोडं पेंड खात होतं ते इथे: उसळी थांबवायचा एक उपाय पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होता. गाडी काही मिलिमीटर वर घ्या. ओढ कमी होईल, उसळी कमी होईल, आणि प्रत्येक फेरीला काही दशांश सेकंद जातील. ते दशांश सोडायला कुणी तयार नव्हतं.

बाकू

हंगामाची आठवी शर्यत, अझरबैजान, १२ जून. बाकूची शेवटची सरळ पट्टी दोन किलोमीटरहून लांब आहे आणि रस्ता शहराचा, म्हणजे मुळातच ओबडधोबड. मर्सिडीजच्या गाडीला उसळीचा त्रास सुरुवातीपासून होता. बाजूचे पॉड (कॉकपिटच्या दोन्ही बाजूंचे फुगीर भाग) जवळजवळ नाहीसे केलेला त्यांचा तळ फक्त अगदी खाली असतानाच काम करत होता. शर्यतभर लुईस हॅमिल्टनचं डोकं हेल्मेटसकट वरखाली आदळताना टीव्हीवर दिसत होतं. शर्यत संपल्यावर तो पाठीवर हात ठेवून, कॉकपिटच्या कडेला धरून, कसाबसा बाहेर आला. मर्सिडीजचे प्रमुख टोटो वोल्फ यांनी रेडिओवरूनच त्याची गाडीबद्दल माफी मागितली होती. वेदनेने दात आवळून गाडी चालवली, असं हॅमिल्टनने नंतर सांगितलं. तो चौथा आला, संघसोबती जॉर्ज रसेल तिसरा.

रसेल त्या वेळी चालकांच्या संघटनेचा संचालक होता. मोठा अपघात व्हायला आता फक्त वेळ लागेल, असं तो बोलला. अल्फाटाउरीचा पिएर गॅस्ली दर सत्राच्या आधी आणि नंतर फिजिओकडून पाठ दाबून घेत होता, आणि निरोगी पाठ की चांगली वेळ असा प्रश्न चालकावर येऊ नये, अशी त्याची मागणी होती. फेरारीचा कार्लोस साइन्झही एफआयएने लक्ष घालावं असं म्हणत होता. मर्सिडीज, अल्फाटाउरी, फेरारी. तक्रार एका गोटातून आलेली नव्हती.

याच्या समोर रेड बुलचे तेव्हाचे प्रमुख ख्रिश्चन हॉर्नर. त्यांची गाडी कमी उसळत होती. मी त्यांच्या जागी असतो तर चालकांना रेडिओवर जमेल तितकं विव्हळायला सांगितलं असतं, हा खेळाचाच भाग आहे, असं ते मोकळेपणी म्हणाले. वाक्य बोचरं, पण आतला मुद्दा पोकळ नव्हता. गाडी असुरक्षित असेल तर ती वर घ्या नाहीतर उतरवू नका, ती जबाबदारी संघाची. मराठीत यासाठी तयार म्हण आहे: नाचता येईना अंगण वाकडं.

आणि मर्सिडीजनेच या मुद्द्याला बळ दिलं. बाकूनंतरच्या आठवड्यात त्यांचे डावपेचप्रमुख जेम्स वॉल्स यांनी संघाच्या व्हिडिओत कबूल केलं की आम्ही गाडी आणि चालक दोघांनाही मर्यादेपलीकडे ताणलं, हे पुन्हा करता येणार नाही. म्हणजे खाली किती बसायचं हा निर्णय संघाचाच होता.

मग एफआयएने मध्ये पडायचं कारण काय? कारण कॉकपिटमध्ये बसणाऱ्याला तो निर्णय घेता येत नाही. गाडी दहा मिलिमीटर वर घ्या, मी दोन जागा मागे राहीन, असं म्हणणारा चालक पुढच्या वर्षी कराराशिवाय राहतो. कागदावर त्याला नकाराचा हक्क असतो, गॅरेजमध्ये नसतो. हॉर्नर यांचं उत्तर संघाला लागू पडत होतं, चालकाला नाही. माझ्या मते एफआयएचा हस्तक्षेप इथवर योग्य होता. वाकडं झालं ते पुढच्या पावलात.

दुसरी दांडी

निर्देशात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या होत्या. पहिली मोजमापाची. प्रत्येक गाडीत एफआयएचा त्वरणमापक असतोच. त्यातून उभ्या दिशेच्या हादऱ्यांचा एक आकडा काढायचा आणि त्यावर मर्यादा लावायची. पुढे ही मर्यादा दर १०० किलोमीटरला प्रतिकिलो १० ज्यूल अशी ठरली. इतक्या ऊर्जेत एक किलोचं वजन साधारण मीटरभर उचलता येतं. कॅनडात फक्त आकडे गोळा करायचे होते.

दुसरी गोष्ट सवलतीची. तळाची कड वाऱ्याच्या ओढीने लवू नये म्हणून तिला वरून धरणारी एक धातूची दांडी हंगामाच्या आरंभीच मान्य झाली होती. आता तात्पुरती दुसरी दांडी लावायलाही परवानगी मिळाली. कागद गुरुवारी निघाला. शुक्रवारी पहिल्या सराव सत्रात मर्सिडीजच्या गाडीवर दुसरी दांडी हजर! बाकी संघांना एका रात्रीत असा भाग करून बसवणं शक्य नव्हतं. यात काहीतरी पाणी मुरतंय, अशी कुजबूज लगेच सुरू झाली.

कुजबुजीला आणखी एक खाद्य होतं. त्याच महिन्यात शैला-अॅन राव एफआयएच्या मोटार क्रीडा विभागाच्या हंगामी सरचिटणीस झाल्या होत्या. त्याआधी त्या मर्सिडीजमध्ये वोल्फ यांच्या सल्लागार होत्या, आणि त्याहीआधी एफआयएच्याच विधी विभागात. मर्सिडीजला कागदाची चाहूल आधी लागली असा आरोप सूचकपणे होत राहिला. पुरावा कुणी पुढे ठेवला नाही. पण २०२१ ची अबू धाबीची शेवटची शर्यत, जिच्या अखेरच्या फेरीत विजेतेपद मर्सिडीजच्या हातून रेड बुलकडे गेलं, आणि तिच्यानंतर शर्यत संचालक मायकेल मासी यांना पदावरून दूर करणं, हे सगळं ताजं होतं. एफआयएच्या कुठल्याही निर्णयात रेड बुल किंवा मर्सिडीज शोधायची सवय सगळ्या पॅडॉकला, म्हणजे शर्यतीच्या वर्तुळाला, लागली होती.

शनिवारच्या बैठकीत नेटफ्लिक्सचा कॅमेरा होता. वोल्फ संतापले. चालकांच्या तब्येतीच्या प्रश्नात इतर संघप्रमुख राजकारण करताहेत, हे त्यांना लाजिरवाणं वाटलं. हॉर्नर यांना त्या संतापात थोडं नाटकही दिसलं. दोघांचंही बरोबर असणं शक्य आहे.

त्याहून ठोस हरकत फेरारीचे मातिया बिनोट्टो आणि अल्पीनचे ओटमार साफनाउअर यांची होती. तांत्रिक निर्देशाचं काम नियमाचा अर्थ स्पष्ट करणं किंवा तपासणी कशी होईल ते सांगणं. नियम बदलणं हे त्याचं काम नाही. तळाला किती दांड्या चालतील हे नियमपुस्तकात लिहिलेलं आहे, पुस्तक बदललेलं नाही, मग पत्राने दांडी कायदेशीर कशी झाली? हा कीस काढण्याचा प्रकार नव्हता. निर्देश म्हणजे एफआयएच्या तांत्रिक विभागाचं मत. निवाडा करणारे स्ट्यूअर्ड त्याने बांधलेले नसतात. कुणी रीतसर तक्रार केली असती तर दांडी लावलेली गाडी बाद होण्याचा धोका खरा होता. मर्सिडीजने तो ओळखला आणि शनिवारी दांडी काढून टाकली. रविवारी हॅमिल्टन तिसरा आणि रसेल चौथा आला, दांडीविनाच.

दांडीची सवलत मला खटकते ती वेगळ्या कारणाने. मोजमाप सगळ्यांना सारखं लागू होतं: उसळू नका, कसं ते तुमचं तुम्ही बघा. ज्याची गाडी जास्त उसळते त्याने किंमत मोजायची. दांडीने उलट केलं. ज्याची गाडी उसळते त्याला वेग न सोडता उसळी कमी करायचं साधन दिलं. एकाच पत्रात एका हाताने दंड आणि दुसऱ्या हाताने मदत.

मतांचं गणित

फॉर्म्युला वनमध्ये नियम बदलायचा रीतसर रस्ता एफ-वन आयोगातून जातो. २०२२ मध्ये त्यात एकूण ३० मतं होती: दहा संघांचं प्रत्येकी एक, एफआयएची १०, व्यावसायिक हक्कधारकांची १०. पुढच्या हंगामाच्या बदलाला २५ मतं लागत, चालू हंगामात काही बदलायचं तर २८. म्हणजे दहापैकी आठ संघ राजी हवे होते. जून महिन्यात गुणतक्त्यात पुढे असलेला कुठलाही संघ आपल्या फायद्याला कात्री लावणाऱ्या बदलाला हात वर करणार नाही. रेड बुलकडे स्वतःचे दोन संघ होते, फेरारीचं इंजिन आणखी दोघांकडे. आठ जमणं जवळजवळ अशक्य.

या सगळ्याला वळसा घालणारं एक वाक्य तांत्रिक नियमांत होतं: सुरक्षेच्या कारणाने एफआयएने केलेले बदल पूर्वसूचनेशिवाय, विलंबाविना अमलात येऊ शकतात. मतदान नाही, मुदत नाही. असं कलम असायलाच हवं. पंख तुटून पडत असतील तर आठ संघांची मनधरणी करत बसता येत नाही. पण ज्या खेळात बाकीचं प्रत्येक दार मतांनी बंद केलेलं आहे, तिथे उघडं राहिलेल्या एकाच दारापाशी गर्दी होणार. जो संघ मागे आहे त्याला आपली अडचण सुरक्षेची आहे असं दाखवण्यात रस, जो पुढे आहे त्याला ती सुरक्षेची नाही असं दाखवण्यात. कोण खोटं बोलतंय याने फारसा फरक पडत नाही. हॅमिल्टनची पाठ खरोखर दुखत होती आणि तिचा मर्सिडीजला उपयोगही होता.

रेड बुलच्या मॅक्स व्हर्स्टॅपेनने त्या वेळी घेतलेली भूमिका सरळ होती: आम्हाला फायदा होवो की तोटा, हंगामाच्या मध्यात नियम बदलू नयेत. विजेतेपदाच्या शर्यतीत पुढे असलेल्या चालकाने हे म्हणणं सोपं आहे, पण तत्त्व म्हणून त्यात वावगं काही नाही.

आधीचे दोन दाखले

१९८१ मध्ये तळाखालच्या हवेने वळणांतला वेग फार वाढला म्हणून ती हवा कडांना कोंडून धरणाऱ्या सरकत्या पट्ट्या बंद झाल्या आणि गाडी जमिनीपासून ६ सेंटिमीटर वर हवी असा नियम आला. हे अंतर गाडी उभी असताना मोजलं जाई. ब्रॅबमच्या गॉर्डन मरी यांनी असं सस्पेन्शन केलं की पिटमध्ये गाडी ६ सेंटिमीटर वर आणि वेगात हवेच्या दाबाने खाली बसलेली. नेल्सन पिके याच गाडीने अर्जेंटिना जिंकला आणि वर्षअखेर विजेता झाला. बाकीच्यांनी नक्कल केली, आणि तळ स्थिर राहावा म्हणून सस्पेन्शन दगडासारखं झालं. पुढची दोन वर्षं चालकांच्या पाठीची पार वाट लागली. सुरक्षेच्या नियमानेच पाठदुखी दिली, हे २०२२ मध्ये फार कुणाला आठवलं नाही.

१९९४ चं उदाहरण जास्त जवळचं. इमोलाला ३० एप्रिलला रोलंड रॅट्झेनबर्गर आणि १ मे रोजी आयर्टन सेना गेला. दोनच आठवड्यांत मोनॅकोत कार्ल वेंडलिंगर कोमात. एफआयएचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनी तिथेच टप्प्याटप्प्याचे बदल जाहीर केले. पहिला टप्पा स्पेनपासून: डिफ्यूझर (तळाचा मागचा, वर चढत जाणारा भाग) छोटा, पुढच्या पंखाला कात्री. मृत्यू झालेले असताना तरी सगळे गप्प बसतील, असं वाटेल. नाही बसले. बेनेटन संघाचे प्रमुख फ्लाव्हिओ ब्रियातोरे यांच्या पुढाकाराने काही संघांनी बार्सिलोनाच्या पहिल्या सरावात गाड्याच बाहेर काढल्या नाहीत. घाईत छाटलेली गाडी जास्त धोकादायक, हा त्यांचा युक्तिवाद. त्याला आधारही होता: त्याच मे महिन्यात सिल्व्हरस्टोनच्या सरावात नव्या नियमांनुसार बदललेल्या लोटसचा मागचा पंख निखळून पेद्रो लामी जबर जखमी झाला होता.

त्याच वर्षी हॉकेनहाइमपासून गाडीच्या पोटाखाली १० मिलिमीटर जाडीची फळी बसवायची सक्ती झाली. गाडी फार खाली नेली की फळी झिजेल, ९ मिलिमीटरच्या खाली गेली की बाद. पुढच्याच महिन्यात बेल्जियममधल्या स्पाला बेनेटनचा मायकेल शूमाकर जिंकला आणि झिजलेल्या फळीपायी बाद झाला. फिरकी घेताना कर्बवर घासली, हे बेनेटनचं स्पष्टीकरण कुणी ऐकलं नाही. घाईगर्दीच्या त्या उन्हाळ्यातला हाच नियम सर्वांत जास्त टिकला, कारण त्यात कुणाचं मत लागत नाही. मायक्रोमीटर लागतो.

फळीचे दोन मिलिमीटर

म्हणूनच २०२२ मध्ये खरा स्फोटक ठरला तो निर्देशाच्या सुधारित मसुद्यातला तिसरा भाग, आणि तो लोकांच्या लक्षात ऑस्ट्रियाच्या सुमारास आला. फळीची जाडी ठरावीक छिद्रांपाशी मोजतात. तिथे २ मिलिमीटरपर्यंत लवचिकता नियमात मान्य होती. काही संघ याचा वापर करून मोजायच्या जागा जमिनीला टेकताच वर सरकतील अशी रचना करतात, म्हणजे गाडी खाली पळते आणि फळी कागदावर शाबूत राहते, असा एफआयएचा संशय. रोख रेड बुल आणि फेरारीकडे आहे असं सगळे बोलत होते. आपल्याला याची कल्पनाच नव्हती, असं वोल्फ म्हणाले. हॉर्नर यांनी आपल्या गाडीवरचा संशय निव्वळ बकवास म्हणून उडवून लावला.

अंमलबजावणी आधी फ्रान्सपासून व्हायची होती, मग संघांना वेळ मिळावा म्हणून ती उन्हाळी सुट्टीनंतर बेल्जियमवर ढकलली गेली. २८ ऑगस्टला स्पाला फळीच्या कडकपणाचा नवा निकष आणि उसळीचा आकडा, दोन्ही एकदम लागू झाले.

पंचवीस की पंधरा

दरम्यान एफआयएने २०२३ कडे मोर्चा वळवला. जुलैच्या मध्यात प्रस्ताव आला: तळाच्या कडा २५ मिलिमीटर वर, डिफ्यूझरचा घसाही वर, कडांच्या लवण्याची चाचणी कडक, आणि उसळी मोजायला आणखी एक सेन्सर. एफआयएच्या तांत्रिक विभागातल्या निकोलस टोम्बाझिस यांच्या चमूचं म्हणणं असं, की आज त्रास कमी दिसतोय, पण वर्षागणिक पकड वाढेल तशी उसळी परत येईल.

अनेक संघ उखडले, फक्त रेड बुल नव्हे. जुलै उलटला की पुढच्या वर्षीच्या गाडीचा तळ बऱ्यापैकी आखून झालेला असतो, आणि तळ हा या पिढीच्या गाडीतला सगळ्यात महागडा आणि नाजूक भाग. संघाच्या वार्षिक खर्चमर्यादेचा मूळ आकडा १४ कोटी डॉलर, त्यात हा फेरा. छोट्या संघांना पुन्हा पवनबोगद्यात उभं राहायला वेळही नाही आणि पैसाही. हॉर्नर यांनी स्पष्टच म्हटलं, की एका विशिष्ट संघाला त्याची गाडी खाली पळवता यावी म्हणून हा दबाव चालू आहे. एफआयएचे अध्यक्ष मोहम्मद बिन सुलायेम यांनी मग बोलणी केली, आणि १६ ऑगस्टला जागतिक मोटार क्रीडा परिषदेने १५ मिलिमीटरवर शिक्का मारला. घासाघीस झालेला हा आकडा आहे, आणि तो तसाच दिसतो. सुरक्षेला २५ लागत असतील तर १५ कसे पुरले, आणि १५ पुरत असतील तर २५ कुठून आले?

याच आकड्यावरून मला वाटतं की सुरक्षेच्या कलमाची धार एफआयएनेच बोथट केली. ज्यावर तडजोड होऊ शकते ते विलंबाविना अमलात आणण्याइतकं तातडीचं नव्हतं. उसळीचा आकडा आधीच ठरलेला होता. तो काही शर्यती चालवून बघायचा, आकडे पुरेसे ठरले नाहीत तर तळाकडे जायचं. स्पाच्या बारा दिवस आधी, आकड्याची एकही शर्यत झालेली नसताना, पुढच्या वर्षीचा तळ बदलून झाला होता.

मग जिंकलं कोण

स्पाला सगळ्यांचं लक्ष रेड बुल किती मागे पडतो याकडे होतं. व्हर्स्टॅपेन इंजिनच्या दंडामुळे चौदाव्या जागेवरून सुटला आणि सहज जिंकला; त्याचा संघसोबती सर्जिओ पेरेझ दुसरा. पात्रता फेरीत हॅमिल्टन व्हर्स्टॅपेनपेक्षा १.८ सेकंदांनी मागे होता. ज्याच्या बाजूने कागद निघाला असं मानलं जात होतं त्याची ही अवस्था. फटका कुणाला बसलाच असेल तर फेरारीकडे बोट दाखवलं गेलं. सुट्टीआधी त्यांनी चार शर्यती जिंकल्या होत्या, सुट्टीनंतर एकही नाही. पण त्याला टायर, डावपेच आणि इंजिनची काळजी अशी इतर कारणंही होती. मर्सिडीजला वर्षातला एकमेव विजय रसेलने साओ पाउलोला मिळवून दिला.

२०२३ मध्ये १५ मिलिमीटर वर गेलेल्या तळांवर उसळीची तक्रार जवळपास बंद झाली. चालकांच्या पाठीच्या दृष्टीने नियम यशस्वी, हे मान्य करायला हवं. त्या वर्षी रेड बुलने २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या. मर्सिडीजने शून्य, २०११ नंतर पहिल्यांदाच. ज्या बदलासाठी मर्सिडीजने आटापिटा केला म्हणतात आणि ज्याला रेड बुलने विरोध केला, त्याचा हिशेब असा निघाला. कुठल्या नियमाने कुणाचं भलं होईल याचा संघांचा स्वतःचा अंदाजही इतका कच्चा असतो. नियम करताना त्यांच्या ओरडण्याकडे किती लक्ष द्यायचं हे यावरून ठरवता येईल.

फळी मात्र आपलं काम करत राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑस्टिनच्या खडबडीत ट्रॅकवर दुसरा आलेला हॅमिल्टन आणि सहावा आलेला शार्ल लक्लेर, दोघंही झिजलेल्या फळीने बाद झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये लास वेगासला मॅक्लारेनच्या लँडो नॉरिस आणि ऑस्कर पियास्ट्रीवर ऐन विजेतेपदाच्या झुंजीत तीच पाळी आली. अनपेक्षित उसळीने तळ घासला, असं संघाने सांगितलं. हेतू नव्हता हे मान्य झालं, गुण तरीही गेले, आणि त्या वेळी कुठल्याही संघप्रमुखाला बैठकीत ओरडायला जागाच नव्हती. २०२६ च्या नियमांत ते खोल बोगदे काढून तळ पुन्हा बराचसा सपाट केला आहे. विलंबाविना बदलाची मुभा मात्र एफआयएने आपल्याकडेच ठेवली आहे.